घर कोणाचे, भाडे कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरटंचाईचा प्रश्न निघाला की समाजवादी कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक चाळीतल्या खोलीचे आणि दुसरे झोपडपट्टीचे. आजच्या विवेचनाचा विषय या दोहोंपेक्षा निराळा आहे. स्वतंत्र घर, पुढेमागे थोडे अंगण, आत राहणारे एकच कुटुंब; परंतु ते कुटुंब घराचे मालक नाही, भाडेकरू आहे. अमेरिकेत अशा घरांना एककुटुंबी भाड्याची घरे म्हणतात. तेथील भाडेकरू कुटुंबांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश कुटुंबे अशा घरांतून राहतात. गेल्या दीड दशकात या घरांकडे मोठ्या भांडवलाची नजर वळली असून, ज्या प्रदेशांत घरांची तीव्र टंचाई आहे तेथे हाच टंचाईवरचा उपाय आहे, असा प्रचार होत आहे. हा दावा तपासून पाहणे आवश्यक आहे. तो तपासताना, ज्या काळी हेच घर लोकसत्तेने बांधून श्रमिकाला भाड्याने दिले त्या काळाकडेही पाहिले पाहिजे. घराचा नकाशा तोच असताना मालक बदलला की काय काय बदलते, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रथम अमेरिकेची हकीकत. शतकाच्या आरंभी तेथील बँकांनी आणि दलालांनी ऐपतीचा विचार न करता गहाण कर्जे वाटली, त्या कर्जांचे रोखे करून ते जगभर विकले, आणि २००८ साली तो डोलारा कोसळला. लाखो कुटुंबांची घरे जप्त झाली. २००४ साली शंभरातील ६९ कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. २०१६ साली हे प्रमाण ६३ च्या आसपास उतरले. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात घरांच्या किमती निम्म्याहून अधिक घसरल्या. जॉर्जियातील अटलांटा, फ्लोरिडातील टॅम्पा आणि जॅक्सनव्हिल, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट या शहरांच्या उपनगरांतून ओळीने घरे ओस पडली.

ज्यांची घरे गेली त्यांना कोठेतरी राहणे भागच होते. बँका त्यांना नव्याने कर्ज देत नव्हत्या. म्हणजे एकीकडे रिकामी घरे आणि दुसरीकडे घराच्या शोधात असलेली भाडेकरू कुटुंबे, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम सरकारला करता आले असते, कारण जप्त घरांपैकी फार मोठा हिस्सा सरकारच्या ताब्यातील गहाण-संस्थांकडेच होता. परंतु २०१२ साली सरकारी नियामकाने जो प्रायोगिक कार्यक्रम आखला, त्यात फॅनी मे या संस्थेकडील सुमारे २,५०० जप्त घरे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी मोठ्या गुंतवणूकदारांना विकायला काढण्यात आली. अट एवढीच की, काही काळ ती भाड्याने द्यावीत. ज्याच्यापाशी एका घरापुरते पैसे होते, त्याला शेकडो घरांच्या गठ्ठ्यासाठी बोली लावता येणे शक्यच नव्हते.

त्याच वर्षी ब्लॅकस्टोन या वित्तसंस्थेने इन्व्हिटेशन होम्स ही कंपनी उभी केली. अमेरिकन होम्स फोर रेंट ही दुसरी मोठी कंपनीही त्याच वर्षीची. कंपन्यांच्या निवडीला निश्चित पद्धत होती. तीन शयनगृहांचे, फारसे जुने नसलेले, बऱ्या शाळेच्या आणि रोजगाराच्या जवळचे घर हेरायचे, रोख पैसे मोजून ते घ्यायचे, किरकोळ दुरुस्ती करायची आणि भाड्याने द्यायचे. कर्ज मंजूर होण्याची वाट पाहणारे सामान्य कुटुंब रोख पैशापुढे टिकणार कसे? नोव्हेंबर २०१३ मध्ये इन्व्हिटेशन होम्सने ३,२०७ घरांच्या भाड्याच्या आधारावर ४७ कोटी ९० लाख डॉलरचे रोखे बाजारात आणले. २००८ पूर्वी गहाणाच्या हप्त्यांचे रोखे निघत. आता भाड्याच्या पावत्यांचे निघू लागले. जानेवारी २०१७ मध्ये याच कंपनीच्या १०० कोटी डॉलरच्या कर्जाला फॅनी मेने हमी दिली. हमी सरकारी आणि नफा खासगी, असा हा व्यवहार. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण होऊन इन्व्हिटेशन होम्स सुमारे ८२,००० घरांची मालक झाली. आणि २०१९ साली ब्लॅकस्टोन आपला हिस्सा विकून, नफा पदरात पाडून, बाहेर पडली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अमेरिकेतील घरटंचाईचे सारे खापर या कंपन्यांच्या माथी फोडणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ च्या मध्यास मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांकडे सुमारे साडेचार लाख घरे होती. देशातील एकूण एककुटुंबी भाड्याच्या घरांपैकी ती अवघी तीन टक्के. बाकीची बहुतेक घरे लहान मालकांची आहेत. टंचाईचे मूळ अन्यत्र आहे. २००५ साली अमेरिकेत २० लाखांहून अधिक नव्या घरांच्या बांधकामास आरंभ झाला होता. २००९ साली ही संख्या साडेपाच लाखांवर आली, आणि पुढे अनेक वर्षे बांधकाम सावरले नाही. २०२० च्या अखेरीस ३८ लाख घरांची तूट असल्याचा अंदाज फ्रेडी मॅक या गहाण-संस्थेने वर्तविला.

दुसरे कारण जमिनीच्या वापराच्या कायद्यांत आहे. अनेक शहरांत निवासी जमिनीपैकी तीन-चतुर्थांश जमिनीवर एका भूखंडावर एकच स्वतंत्र घर बांधण्याची सक्ती होती. अशा विभागीकरणाला १९२६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. दोन-चार कुटुंबांची इमारत आपल्या वस्तीत नको, म्हणजेच गरीब नकोत आणि काळे नकोत, हा त्यामागचा सुखवस्तू वर्गाचा हिशेब होता. मिनिॲपोलिस शहराने २०१८ साली, ओरेगॉन राज्याने २०१९ साली आणि कॅलिफोर्नियाने २०२१ साली ही सक्ती सैल करण्याचे निर्णय घेतले, ते याच कारणाने. खासगी कंपन्यांनी टंचाई निर्माण केली नाही. टंचाई हेच भांडवल समजून त्यांनी व्यवसाय उभारला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

परंतु देशभराची तीन टक्के ही सरासरी फसवी आहे. भांडवल सर्वत्र सारखे पसरत नाही. जेथे रोजगार वाढतो, लोक येतात आणि भाडेकरूला संरक्षण कमी असते, तेथे ते साचते. त्याच अहवालाप्रमाणे अटलांटा परिसरातील एककुटुंबी भाड्याच्या घरांपैकी २५ टक्के, जॅक्सनव्हिलमधील २१ टक्के आणि शार्लटमधील १८ टक्के घरे या गुंतवणूकदारांच्या हाती होती. जॉर्जियात तर नगरपालिकांनी भाड्यावर नियंत्रण आणू नये, असा राज्याचाच कायदा आहे. अटलांटा ज्या फुल्टन परगण्यात येते, तेथील २०१५ सालच्या नोटिसांचा अभ्यास अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१६ साली प्रसिद्ध केला. लहान घरमालकांच्या तुलनेत मोठ्या कंपन्या घर खाली करण्याच्या नोटिसा अधिक बजावतात, आणि त्यांतील काहींनी तर एका वर्षात आपल्या एक-तृतीयांश भाडेकरूंवर नोटिसा बजावल्या, असे त्यात आढळून आले. प्रत्येक नोटिशीनंतर कुटुंब रस्त्यावर येते असे नाही. पण नोटीस हे वसुलीचे नेहमीचे हत्यार बनले, की घर असूनही मनाला स्वास्थ्य उरत नाही. लहान घरमालक प्रेमळ असतो अशातला भाग नाही. मात्र त्याच्या दारात जाऊन चार दिवसांची मुदत मागता येते. संगणकाकडे मुदत मागता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने इन्व्हिटेशन होम्सवर कारवाई केली. जाहिरातीत भाडे एक सांगायचे आणि मागाहून नाना तऱ्हेची सक्तीची शुल्के जोडायची, भाडेकरूंची अनामत अन्यायाने अडकवून ठेवायची, असे आयोगाचे आरोप होते. ही शुल्के वर्षाला १,७०० डॉलरांहून अधिक भरू शकत. कंपनीने ४ कोटी ८० लाख डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली.

या साऱ्याला कंपन्यांचे एक उत्तर असते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. त्या म्हणतात, ज्या कुटुंबाला कर्ज मिळत नाही, आगाऊ रक्कम भरता येत नाही, त्याला चांगल्या शाळेजवळ अंगणाचे घर आमच्यामुळे मिळाले. यात तथ्य आहे. भाड्याच्या घराची गरज खरी आहे. कामासाठी गाव सोडणारा मजूर, बदलीची नोकरी करणारी परिचारिका, नुकता संसार मांडलेले जोडपे, या सर्वांनी वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतलेच पाहिजे असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय २०२२ नंतर व्याजदर चढल्याने जुनी घरे विकत घेणे महाग पडू लागले आणि कंपन्यांनी भाड्यासाठीच नव्या वसाहती बांधण्यावर अधिक भर दिला. नवे घर बांधले तर घरांच्या संख्येत एकाची भर पडते. बांधलेले घर विकत घेतले तर भर पडत नाही, फक्त मालक बदलतो. हा भेद कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावा. मात्र कंपनी नवे घर बांधते तेव्हाही भाडे, मुदत आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी तिच्याच मर्जीवर राहतात, आणि भागधारकाला दिलेला शब्द भाडेकरूला दिलेल्या शब्दापेक्षा वरचढ ठरतो.

मग या गरजेला दुसरे उत्तर आहे काय? आहे, आणि ते कल्पनेतले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या व जहाजबांधणीच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार आले. घरे तेवढीच राहिली. घरमालकांनी भाडी वाढविली. १९१५ साली मेरी बार्बर आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी वाढीव भाडे न देण्याचा संप पुकारला. नवरे कारखान्यात वा आघाडीवर असताना या स्त्रिया जिन्याजिन्यांवर पहारे ठेवीत आणि जप्तीसाठी आलेल्या बेलिफाला पिटाळून लावीत. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे संपात उतरली, आणि डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठविणारा कायदा करावा लागला.

त्या स्त्रियांच्या लढ्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. भाडे गोठविले तर आहे त्या भाडेकरूला आधार मिळतो, पण नवे घर उभे राहत नाही. त्यासाठी कोणीतरी बांधले पाहिजे. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने ही जबाबदारी नगरपालिकांवर टाकली आणि ठराविक मर्यादेपलीकडचा तोटा राष्ट्रीय तिजोरीने सोसावा असे ठरविले. काटकसरीच्या नावाखाली ती योजना १९२१ साली छाटली गेली. १९२४ साली पहिले मजूर सरकार आले, तेव्हा ग्लासगोच्याच जॉन व्हीटली यांनी नवा कायदा करून अनुदान पुन्हा सुरू केले. ते सरकार वर्षभरही टिकले नाही, परंतु त्या कायद्याखाली सुमारे पाच लाख घरे उभी राहिली. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमधील नगरपालिकांनी अकरा लाखांच्या आसपास घरे बांधली. त्यांतील बहुसंख्य घरे कोणती होती? पुढेमागे बाग असलेली, एका कुटुंबाची, भाड्याची. लंडनच्या पूर्वेस बेकनट्री येथे १९२१ पासून सुमारे २६,००० घरांची वसाहत वसविली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲनायरिन बेव्हन यांनी घरांचा आकार वाढविला. कामगाराचे घर म्हणजे कमी प्रतीचे घर ही समजूत त्यांना मान्य नव्हती. १९४९ च्या कायद्यातून तर, नगरपालिकेची घरे केवळ श्रमिक वर्गासाठी, ही अटच त्यांनी काढून टाकली. डॉक्टर, शिक्षक आणि गोदी कामगार एकाच रांगेत शेजारी राहावेत, ही त्यामागची दृष्टी होती.

या प्रयोगात दोष नव्हते असे नाही. बेकनट्रीत आरंभी रोजगार नव्हता आणि दुकानेही अपुरी होती. भाडी अगदी गरीब कुटुंबांना परवडत नसत. घर कोणाला द्यायचे हे ठरविताना अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह आड येत. परंतु भाडेकरूला आपल्या घरमालकाला मतदानाने खाली खेचता येत होते, हा गुण एवढा मोठा होता की त्यापुढे हे दोष दुरुस्त करण्याजोगे होते. ते दुरुस्त करण्याऐवजी १९८० साली थॅचर सरकारने भाडेकरूंना मोठी सूट देऊन घरे विकत घेण्याचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे विकली गेली. त्यांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. विकलेल्या घरांपैकी कितीतरी घरे पुढे खासगी घरमालकांच्या हाती गेली, आणि एकेकाळी स्वतःच बांधलेल्या घरात गरीब भाडेकरू राहावा म्हणून सरकारी तिजोरीतून घरमालकाला पैसे मोजण्याची पाळी आली. स्कॉटलंडने २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली ही विक्री बंद केली.

आता आपल्याकडे पाहू. ज्या वर्षांत ब्रिटिश सरकार आपल्या देशातील कामगारासाठी बागेचे घर बांधीत होते, त्याच वर्षांत त्याच साम्राज्याचे मुंबईतील सरकार विकास खात्यातर्फे बी.डी.डी. चाळी बांधीत होते. पन्नास हजार गाळ्यांची घोषणा झाली; वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, आणि संडास मजल्यावर सामाईक. सत्ता कोणाला उत्तरदायी आहे, यावर घराचा आकार ठरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० ची भाडी प्रमाण मानली. लाखो कष्टकरी कुटुंबे शहरात तगून राहिली ती या कायद्यामुळे, याबद्दल शंका नाही. परंतु ग्लासगोनंतर जे घडले ते येथे पुरेसे घडले नाही. भाडे गोठले, पण भाड्यासाठी बांधणारी लोकसत्ता मागाहून आली नाही. खासगी मालकाने नवी चाळ बांधणे सोडले आणि जुनीची डागडुजीही सोडली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील गोठलेल्या भाड्याची तरतूद काळाशी विसंगत ठरविली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. दरम्यान नवा भाडेकरू मात्र अकरा महिन्यांच्या करारावर जगू लागला. जुन्याला संरक्षण आणि नव्याला काहीच नाही, अशी श्रमिकांमध्येच दोन जाती पाडणारी ही व्यवस्था आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची तूट असल्याचे सांगितले, आणि ही तूट जवळजवळ सर्व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की घर ही राहण्याची वस्तू न राहता पैसा कोंडून ठेवण्याची पेटी कशी झाली, ते कळते. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेचा सारा भर मालकीच्या घरावर होता. २०२० साली टाळेबंदीत मजूर मैलोन्‌मैल पायी गावी निघाले, तेव्हा कोठे त्यांच्यासाठी भाड्याच्या घरांची योजना सरकारला सुचली. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात भाडे ठरविणे मालक आणि भाडेकरू यांच्या परस्पर करारावर सोपविले आहे. उपाशी माणूस आणि धान्याचा व्यापारी यांच्यात जसा करार होतो, तसाच हा करार होईल. आणि जे भांडवल अटलांटात घरे घेत होते ते भारताला अपरिचित नाही: २०१९ साली देशातील पहिला स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास बाजारात आला, तेव्हा त्याच्या प्रवर्तकांत ब्लॅकस्टोन होती. आज कचेऱ्यांच्या इमारतींचे भाडे रोख्यांत बांधले गेले आहे. उद्या पुणे, ठाणे, नाशिकच्या कडेला भाड्याच्या वसाहती उभ्या राहतील तेव्हा घरांचेही बांधले जाणार नाही, याची हमी कोणी दिलेली नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय मागावे? प्रथम, सरकारी जमिनीवर आणि सरकारी सवलतीने भाड्याची जी घरे होतील त्यांची मालकी नगरपालिकेकडे वा भाडेकरूंच्या सहकारी संस्थेकडे कायम राहावी; काही वर्षांनी ती बाजारात विकण्याची पळवाट करारात नसावी. दुसरे, भाडेकरार अनेक वर्षांच्या मुदतीचा असावा, भाडेवाढ कायद्याने बांधलेली असावी, आणि सबळ कारणाखेरीज घर खाली करून घेता येऊ नये. तिसरे, तयार घरे गठ्ठ्याने विकत घेण्यास कंपन्यांना मनाई असावी आणि जी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत त्यांच्यावर जादा कर बसावा.

सार्वजनिक संस्थेला बाजारात उतरून असे काही जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतीलच सिनसिनाटीकडे पाहावे. तेथे अडचणीत आलेल्या एका गुंतवणूकदाराची १९४ भाड्याची घरे विक्रीस निघाली, तेव्हा त्या शहराच्या सार्वजनिक बंदर विकास प्राधिकरणाने रोखे उभारून, इतर गुंतवणूकदारांच्या बोलीवर मात करून, २०२२ च्या आरंभी सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरना ती सारी घेतली. ती दुरुस्त करावीत आणि राहत्या भाडेकरूंना मालक होण्याची संधी द्यावी, हा त्यामागचा हेतू होता. १९४ घरांनी कोणत्याही देशाची टंचाई मिटत नाही. परंतु २०१२ साली गठ्ठ्याने विकलेली सरकारी घरे आणि २०२२ साली गठ्ठ्याने विकत घेतलेली ही घरे, या दोन व्यवहारांत फरक होता तो राजकीय इच्छेचा.

ही इच्छा आपोआप जन्मास येत नाही. ग्लासगोत ती जिन्यावर पहारा देणाऱ्या स्त्रियांनी जन्मास घातली. आपल्या शहरांच्या कडेला आज अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी हजारो कुटुंबे आहेत. त्यांची ना संघटना आहे, ना अनेकदा मतदारयादीत नाव. दर वर्षी घर बदलणाऱ्या या कुटुंबांची यादी करणे, त्यांचे करार वाचून दाखविणे आणि अडकलेली अनामत मिळवून देणे, येथून कामाला आरंभ करता येईल. प्रत्येक तालुका शाखेने एवढे काम येत्या वर्षात हाती घेतले, तर पुढच्या नगरपालिका निवडणुकीत भाड्याच्या घराचा प्रश्न उमेदवारांना टाळता येणार नाही.